सहावी पायरी: उपनगरांतले ख्रिस्ती प्रेषितकार्य

ऑक्टोबर महिन्यातल्या शेवटून दुसऱ्या रविवारी जगभरच्या कॅथॉलिक चर्चमध्ये मिशन रविवार पाळला जातो. पोप अकरावे पायस यांच्या काळात, 1926 मध्ये ही प्रथा सुरू झाली. त्या दिवशी मिस्साच्या वेळी जमलेले दान दूरच्या, गरजू मिशन क्षेत्रांकडे जाते. मुंबई-वसईकडच्या ख्रिस्ती माणसाच्या मनातले मिशनचे चित्र पुष्कळ अंशी या दिवसाने घडवले आहे. त्याच्या लेखी मिशन म्हणजे तलासरीचे ज्ञानमाता सदन, जव्हार-मोखाड्याचे पाडे, डहाणूच्या डोंगरातली वसतिगृहे. तिथे कुणी फादर, कुणी सिस्टर आपल्या वतीने राबत आहेत आणि आपण त्यांना वर्गणी, कपडे, वह्या पाठवायच्या. हे काम मोलाचे होते आणि आहे. पण त्यातून एक सवय जडली. मिशनचे गाव आपल्या गावापासून नेहमी एसटीच्या अंतरावर असते, असे आपण धरून चाललो.

मधल्या काळात जगच दारात येऊन उभे राहिले. 2011 च्या जनगणनेत वसई-विरार शहराची लोकसंख्या 12 लाखांहून अधिक भरली. केळीच्या बागा, पानवेली आणि भातशेती यांच्यासाठी ओळखला जाणारा हा तालुका एका पिढीत महानगराचे शयनगृह झाला. मालाड-बोरिवली त्याआधीच भरले होते. पुढे मीरा रोड, नालासोपारा आणि तिकडे कल्याण-डोंबिवली भरत गेले. कोकणातून, देशावरून, उत्तर प्रदेशातून, केरळातून आलेली माणसे ख्रिस्ती माणसाच्या जिन्यावर, त्याच्या विहिरीशेजारी, त्याच्या लोकलच्या डब्यात आली. या माणसांशी आपले नाते काय, हा उपनगरातल्या प्रेषितकार्याचा मूळ प्रश्न आहे. त्याला गेल्या काही दशकांत कशी उत्तरे दिली गेली, कुठे जमले आणि कुठे अडले, हे पाहण्याचा हा प्रयत्न.

उपनगर आणि चर्च यांच्या संबंधाची चर्चा आधी अमेरिकेत झाली. दुसऱ्या महायुद्धानंतर तिथे लेव्हिटाउनसारख्या वसाहती उभ्या राहिल्या. 1947 मध्ये न्यूयॉर्कजवळ वसू लागलेल्या पहिल्या लेव्हिटाउनच्या करारांत तर कृष्णवर्णीयांना घर नाकारणारे कलमच होते. गोरा मध्यमवर्ग शहर सोडून तिकडे गेला आणि त्याच्या मागोमाग चर्चही गेले. गिब्सन विंटर या अभ्यासकाने 1961 मध्ये ‘द सबर्बन कॅप्टिव्हिटी ऑफ द चर्चेस’ हे पुस्तक लिहून त्यावर बोट ठेवले. चर्चने शहरातल्या गरिबांकडे पाठ फिरवली आणि ते एकाच वर्गाच्या, एकाच वर्णाच्या लोकांचे मंडळ होऊन बसले, असा त्यांचा आरोप होता. पुढे 1975 मध्ये शिकागोजवळ विलो क्रीक आणि 1980 मध्ये कॅलिफोर्नियात सॅडलबॅक अशी हजारोंची उपस्थिती असलेली चर्चेस उपनगरांतच वाढली. त्यांच्या संघटनकौशल्याबद्दल आदर ठेवूनही मला वाटते की विंटर यांच्या प्रश्नाला त्यांनी उत्तर दिले नाही.

आपल्याकडची परिस्थिती निराळी आहे. अमेरिकी उपनगरात श्रीमंत आणि गरीब यांच्यात मोटारीचे अंतर असते. नालासोपाऱ्यात एका मजल्यावर चार दारे असतात आणि चार दारांमागे चार भाषा. तिथे शेजार टाळायचा म्हटला तरी टळत नाही. तरीही विंटर यांचा इशारा इथे लागू पडतो, कारण शेजारी राहून अनोळखी राहण्याची कला आपणही शिकलो आहोत.

वसईचे उदाहरण मी सविस्तर घेणार आहे, कारण या प्रश्नाच्या सगळ्या बाजू तिथे एकत्र सापडतात. इथला ख्रिस्ती समाज जुना आहे. 1534 मध्ये वसई पोर्तुगीजांकडे गेली, 1739 मध्ये चिमाजी आप्पांनी किल्ला जिंकला, पण ख्रिस्ती श्रद्धा मातीत रुजून राहिली. 1597 मध्ये नागासाकीला क्रुसावर हुतात्मा झालेले आणि 1862 मध्ये संतपद मिळालेले गोन्सालो गार्सिया याच वसईचे. सामवेदी म्हणजे कुपारी, वाडवळ, कोळी असे इथले ख्रिस्ती समाज मराठीत आणि आपापल्या बोलीत प्रार्थना करतात. शेतीवाडी करणाऱ्या या लोकांत धर्म आणि संसार यांची फारकत कधी झाली नाही. 1918 मध्ये मोन्सिन्योर पी. जे. मोनीस यांच्या पुढाकाराने इथे सहकारी पतसंस्था सुरू झाली. तिचीच पुढे बसीन कॅथॉलिक को-ऑपरेटिव्ह बँक झाली. सावकाराच्या विळख्यात सापडलेल्या शेतकऱ्याला स्वस्त कर्ज मिळावे म्हणून एका धर्मगुरूने वह्या-खतावण्या हाती घेतल्या. मला ते कोणत्याही प्रवचनाइतकेच प्रेषितकार्य वाटते.

मग 1980 च्या दशकाच्या अखेरीस जमिनीचा प्रश्न पेटला. हरितपट्ट्यातली मोठी जमीन बांधकामासाठी खुली करण्याचे धोरण आले. 1990 मध्ये या भागाच्या नियोजनाची सूत्रे सिडकोकडे गेली. बिल्डर आणि गुंड यांच्या युतीची दहशत इतकी होती की लोक उघड बोलायला धजत नव्हते. त्या वेळी हरित वसई संरक्षण समिती उभी राहिली आणि फादर फ्रान्सिस दिब्रिटो तिचा आवाज झाले. ते ‘सुवार्ता’ मासिकाचे 1983 ते 2007 या काळात संपादक होते. धर्मगुरूने जमीन, पाणी आणि गुंडगिरी यांवर बोलावे का, असा आक्षेप त्यांच्यावर आतून आणि बाहेरून घेतला गेला. ते बोलत राहिले. ‘सुवार्ता’ हे त्यांनी केवळ चर्चचे पत्रक राहू दिले नाही. मराठीतले सर्व धर्मांचे, सर्व विचारांचे लेखक तिथे लिहिते झाले. त्यांच्या ‘सुबोध बायबल’ला साहित्य अकादमीचा अनुवादाचा पुरस्कार मिळाला. जानेवारी 2020 मध्ये उस्मानाबादच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. 25 जुलै 2024 रोजी ते गेले, तेव्हा शोक करणाऱ्यांत ख्रिस्ती नसलेली माणसे मोठ्या संख्येने होती. एका उपनगरी धर्मगुरूचे आयुष्य किती दूरवर पोचू शकते, याचा याहून मोठा दाखला मराठीत तरी मला माहीत नाही.

पण हरित वसईच्या लढ्यात एक अवघड गाठ होती, आणि तिच्याविषयी ख्रिस्ती समाजात पुरेसे बोलले गेलेले नाही. स्टेशनजवळच्या नव्या इमारतींना नळाचे पाणी नव्हते. सूर्या धरणाचे पाणी येईपर्यंत आणि आल्यावरही बराच काळ त्या टँकरवर जगल्या. टँकर भरले जात ते पश्चिम पट्ट्यातल्या विहिरी आणि बोअरवेलमधून. उपसा वाढला तशा समुद्राजवळच्या विहिरी खाऱ्या होऊ लागल्या. बागायतदाराने टँकर अडवले, आणि ते योग्यच होते, कारण त्याची केळी जळत होती. पण त्या टँकरची वाट पाहणारी तिसऱ्या मजल्यावरची बाई त्याची शत्रू नव्हती. कर्ज काढून घर घेताना तिला पाण्याचे आश्वासन मिळाले होते आणि तिलाही त्याच व्यवस्थेने फसवले होते. शिवाय जमिनी विकणाऱ्यांत आपलेच भाऊबंद होते, हेही खरे. टँकरला पाणी विकणाऱ्यांतही आपली माणसे होती.

लढा शासन आणि बिल्डरांविरुद्ध होता. गावागावांतल्या बोलण्यात मात्र तो हळूहळू ‘बाहेरच्यां’विरुद्ध होत गेला. ‘आपली वसई’ या शब्दांतला आपलेपणा कुणापुरता, हे ठरवायचे राहून गेले. बागायतदाराची विहीर आणि इमारतीतली टाकी यांना एकाच मोर्चात आणता आले असते तर तो लढा अधिक बळकट झाला असता, असे माझे मत आहे. येशूने शास्त्र्याला सांगितलेली चांगल्या शोमरोन्याची गोष्ट आपण वर्षातून एकदा तरी मिस्सात ऐकतो. त्या गोष्टीत मदत करणारा परका आहे, आणि परक्याला शेजारी म्हणायला लावणे हा तिचा सगळा रोख आहे. वसईत परका रिकामी बादली घेऊन उभा होता.

या गावांजवळ शेजाराची शिदोरी नव्हती असे नाही. निर्मळच्या कार्तिकातल्या जत्रेत हिंदू आणि ख्रिस्ती गावकरी पिढ्यान् पिढ्या एकत्र वावरत आले आहेत. सामवेदी ब्राह्मण आणि सामवेदी ख्रिस्ती यांची बोली एक आहे. तिकडे वांद्र्याला सप्टेंबरात मोत माउलीच्या जत्रेला मेणबत्त्या घेऊन चढणाऱ्यांत कोण कोणत्या धर्माचा, हे कुणी विचारत नाही. हा शेजार गावाने गावाशी केलेला आहे. इमारतीतला भाडेकरू अकरा महिन्यांच्या करारावर येतो आणि जातो. त्याच्याशी शेजार कसा करायचा, याचा वारसा आपल्याकडे नाही, तो नव्याने घडवावा लागणार आहे.

घडवण्याचा सर्वांत गंभीर प्रयत्न झाला तो छोट्या ख्रिस्ती समूहांच्या रूपाने. मुंबईच्या महाधर्मप्रांताने 1980 च्या दशकापासून हे काम नेटाने हाती घेतले. बिशप बॉस्को पेन्हा यांचे नाव त्याच्याशी कायमचे जोडले गेले आहे. 1990 मध्ये इंडोनेशियात बांडुंग येथे आशियातल्या बिशपांची परिषद भरली. तिने ‘समूहांचा समूह’ असे चर्चचे चित्र मांडले, तेव्हा मुंबईत त्याचा प्रत्यक्ष अनुभव जमा होत होता. कल्पना साधी आहे. उपनगरातल्या एका धर्मग्रामात हजारो कुटुंबे असतात. रविवारी ती बाकांवर बसतात आणि एकमेकांचे नावही न विचारता घरी जातात. म्हणून एका-दोन इमारतींतली, एका गल्लीतली काही कुटुंबे मिळून एक समूह करायचा. त्याने आळीपाळीने एकेकाच्या घरी जमायचे, शुभवर्तमान वाचायचे आणि आपल्या परिसराकडे त्याच्या उजेडात पाहायचे.

जमून काय करायचे यासाठी दक्षिण आफ्रिकेतल्या लुम्को संस्थेची सात पायऱ्यांची पद्धत इथे रुळली. प्रभूला आमंत्रण, वाचन, मनाला भिडलेल्या शब्दांचा उच्चार, मौन, अनुभवांची देवाणघेवाण, मग समूहाने कोणते काम करायचे याची चर्चा आणि शेवटी प्रार्थना. यातली सहावी पायरी कामाची. माझ्या मते उपनगरातले सगळे प्रेषितकार्य या एका पायरीवर अवलंबून आहे, आणि नेमके तिथेच ते बहुतेक ठिकाणी थांबले. पाच पायऱ्या मनापासून होतात. सहावीला कुणीतरी घड्याळाकडे पाहते, एखाद्या आजाऱ्याला भेटायचे ठरते, आणि रोझरी म्हणून सभा संपते. वाईट काहीच झालेले नसते. पण जिन्याखाली राहणाऱ्या रखवालदाराच्या मुलाला शाळेत घातले का, गच्चीवरच्या टाकीतले पाणी कुणाला मिळत नाही, दुसऱ्या मजल्यावरच्या मारझोडीचे काय, हे विषय त्या खोलीत येत नाहीत.

याची कारणे ढोंगात शोधू नयेत. विरार ते चर्चगेट हे अंतर 60 किलोमीटरच्या घरात आहे. पहाटेची लोकल पकडणारा माणूस रात्री नवाला घरी पोचतो. सभेला येतात त्या बहुधा पन्नाशी ओलांडलेल्या बाया, आणि समूह टिकले ते त्यांच्यामुळेच. पुरुष आणि तरुण दमलेले असतात, किंवा कॅनडा-आखातात गेलेले असतात. जे काम संध्याकाळी सातलाच होऊ शकते असे आपण ठरवले, ते या जीवनक्रमात तग धरणार नाही. समूहाची बैठक लोकलच्या डब्यात, सोसायटीच्या ऑफिसात, शाळेच्या फाटकापाशी होऊ शकेल का, हा विचार अजून धर्मग्रामांच्या नियोजनात आलेला नाही.

दुसरी अडचण भाषा आणि वर्ग यांची आहे, आणि ती चर्चच्या आतली आहे. मुंबईच्या उपनगरांत इंग्रजी मिस्साला गर्दी असते आणि तिथे ईस्ट इंडियन, गोव्याची, मंगळूरची कुटुंबे दिसतात. मराठी मिस्सा असते ती पुष्कळदा आडवेळेला. तिला येणाऱ्यांत नगर, जालना, संभाजीनगर इकडून पोटासाठी आलेली कुटुंबे असतात. त्यांचे पूर्वज शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी अस्पृश्यतेच्या जाचातून ख्रिस्ती झाले. 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशामुळे दलित ख्रिस्ती अनुसूचित जातींच्या सवलतींबाहेर राहिले. दुष्काळाने गाव सोडून ते पिंपरी-चिंचवडला, कल्याणला, नालासोपाऱ्याला आले. त्यांच्या बायका कधी कधी त्याच धर्मग्रामातल्या सधन घरांत धुणीभांडी करतात. एकाच वेदीवरून ख्रिस्तप्रसाद घेणारी ही दोन कुटुंबे सणाला एकमेकांच्या घरी जेवत नसतील, तर बाहेरच्या जगाला आपण कोणती सुवार्ता सांगणार आहोत? केरळी ख्रिस्ती बांधवांसाठी 1988 मध्ये सिरो-मलबार चर्चची कल्याणची स्वतंत्र धर्मप्रांतरचना झाली. आपल्या भाषेत, आपल्या विधींनुसार उपासना करण्याचा हक्क त्यातून सुरक्षित झाला, ही चांगलीच गोष्ट झाली. मात्र प्रत्येकाची वेगळी मिस्सा, वेगळा हॉल, वेगळी सहल असे झाले की एकत्र येण्याची जागा उरत नाही.

घरांच्या बाबतीतही तेच. वांद्र्याच्या साल्सेट कॅथॉलिक सोसायटीपासून मुंबईत ख्रिस्ती वसाहतींची परंपरा आहे. बोरिवलीची आय. सी. कॉलनी तर सगळ्यांना ठाऊक आहे. मांसाहारी म्हणून, अल्पसंख्य म्हणून घर नाकारले गेल्यावर माणूस आपल्या लोकांत सुरक्षितता शोधतो, हे मी समजू शकतो. पण नाकारले जाण्याची कळ ज्याने सोसली, त्याच्या सोसायटीत मुसलमान कुटुंबाला घर मिळते की नाही, हा प्रश्न त्याने स्वतःला विचारलाच पाहिजे.

शाळा आणि रुग्णालये यांच्याविषयी थोडक्यात. वसईचे कार्डिनल ग्रेशस मेमोरियल हॉस्पिटल किंवा उपनगरांतल्या कॉन्व्हेंट शाळा यांनी लाखो लोकांचे आयुष्य घडवले, याबद्दल दुमत नाही. पण आज शाळा म्हणजे प्रवेशाच्या रांगा आणि फी अशी प्रतिमा होत चालली आहे. वसईत धर्मग्रामांनी सुरू केलेल्या मराठी शाळा इंग्रजी होत गेल्या. गरीब मूल कुठे गेले, याची नोंद कुणी ठेवली नाही.

नव्या इमारतींमध्ये सर्वांत जोमाने वाढलेली चर्चेस पेंटेकोस्टल आणि स्वतंत्र मंडळ्यांची आहेत. भाड्याचा गाळा, शाळेचा वर्ग, कुणाच्या घराचा हॉल, इतके त्यांना पुरते. हिंदीत, मराठीत, तमिळमध्ये प्रार्थना होते. एकट्या, कर्जबाजारी, व्यसनाने पोखरलेल्या घरांत ही माणसे रात्री-अपरात्री जातात. जुन्या चर्चच्या लोकांनी त्यांच्याकडून ही तत्परता शिकावी. त्यांच्या काही गोष्टी मला खटकतात. बरे होण्याची हमी देणे आणि दुसऱ्याच्या दैवतांविषयी अनादराने बोलणे हे ख्रिस्ती प्रेमात बसत नाही.

इथे धर्मांतराच्या प्रश्नाला सामोरे जायलाच हवे. महाराष्ट्रात ख्रिस्ती लोकसंख्या 1 टक्क्याच्या आसपास आहे. तरीही कुणी ख्रिस्ती कार्यकर्ता चाळीत वारंवार जाऊ लागला की संशयाची नजर वळते, आणि कधी कधी प्रार्थनासभांवर हल्लेही होतात. संविधानाचा अनुच्छेद 25 धर्मप्रसाराचे स्वातंत्र्य देतो. 1977 मध्ये रेव्हरंड स्टॅनिस्लॉस खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की प्रसाराच्या हक्कात दुसऱ्याचे धर्मांतर घडवून आणण्याचा हक्क येत नाही. कायद्याच्या चौकटीआधीच प्रेमाची चौकट आहे, असे मी मानतो. शेजाऱ्याच्या मदतीत हेतू दडलेला असेल तर ती मदत राहत नाही. आपल्या श्रद्धेबद्दल विचारले तर मोकळेपणाने सांगावे, विचारले नाही तरी मदत तशीच चालू ठेवावी. मराठी ख्रिस्ती परंपरेत याला आधार आहे. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी 1917 मध्ये साताऱ्याला ‘देवाचा दरबार’ सुरू केला. त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले असे दोघेही येशूचे अनुयायी म्हणून एकत्र यावेत, अशी त्यांची कल्पना होती. 1919 मध्ये ते वारले आणि तो प्रयोग पुढे बहरला नाही. आजच्या उपनगरात तो पुन्हा वाचण्याजोगा आहे.

गरिबी इथे झोपडपट्टीतच दिसते असेही नाही. 1833 मध्ये पॅरिसमध्ये फ्रेडरिक ओझनाम आणि त्याच्या मित्रांनी सुरू केलेल्या व्हिन्सेंट डी पॉल सोसायटीच्या शाखा आपल्या अनेक धर्मग्रामांत आहेत. दोघांनी मिळून गरजू घरी जायचे, बसायचे, ऐकायचे, आणि नाव बाहेर फोडायचे नाही, ही त्यांची रीत. बंद दारांच्या उपनगराला ती फार शोभते. परदेशी गेलेल्या मुलांचे म्हातारे आईबाप, नोकरी सुटलेला आणि तरीही रोज डबा घेऊन घराबाहेर पडणारा माणूस यांच्यापर्यंत पोचायला दुसरी कोणती संस्था उरली आहे?

आणि मग घरकाम करणाऱ्या बाया. बेल्जियमहून आलेल्या सिस्टर जीन डेव्होस यांनी 1985 मध्ये मुंबईत घरकामगारांची राष्ट्रीय चळवळ उभारली. त्या दयेच्या दानापाशी थांबल्या नाहीत. सुटी, पगार, सन्मान, लहान मुलींना कामावर ठेवण्यास बंदी या मागण्या घेऊन त्यांनी बायांना संघटित केले. महाराष्ट्रात घरकामगारांच्या कल्याण मंडळाचा कायदा 2008 मध्ये झाला. 2011 मध्ये आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने घरकामगारांसाठी 189 क्रमांकाचा करार मंजूर केला. कायदा पुस्तकात आला तरी तो इमारतीत आणावा लागतो, आणि इमारतीत कायदा आणणारी जागा म्हणजे सोसायटीची मॅनेजिंग कमिटी. कामवाल्या बायांना वेगळी लिफ्ट का? तळमजल्यावरचे स्वच्छतागृह त्यांना वापरू का दिले जात नाही? आठवड्याची सुटी सगळ्या घरांनी मिळून एकाच दिवशी दिली तर काय बिघडेल? पावसाळ्यात गाड्या बंद पडल्या तर त्या दिवसाचा पगार कापायचा का?

हे चार प्रश्न वार्षिक सर्वसाधारण सभेच्या विषयपत्रिकेवर आणायला बिशपांची परवानगी लागत नाही. सहा घरांचा एक समूह पुरेसा आहे, त्यात तीन घरे ख्रिस्ती नसली तरी चालेल. पुढच्या बैठकीत सहाव्या पायरीला घड्याळाकडे न पाहता लिफ्टच्या विषयाचा मसुदा लिहावा, आणि तो लिहिताना त्या बाईला खोलीत बसवून घ्यावे.